सासुरवाडीची रेती

नवी खोली उभी राहिली की आपल्या पदरात काय काय पडणार, हे काशीरामाने मिठागराच्या बांधावर बसून केव्हाच मोजून ठेवलं होतं. माजघरातला झोपाळा परत मिळणार. जेवताना कितवी भाकरी चाललीय याची नोंद कुणी घेणार नाही. दुपारी मनसोक्त घोरता येईल. आणि गोदूशी, म्हणजे स्वतःच्या बायकोशी, कुजबुजल्याशिवाय बोलता येईल.

कारण घराला जोडून काढलेल्या त्या खोलीत त्याची सासू हौसाबाई राहायला जाणार होती. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती आपट्याहून पनवेलला आली. ते मूल आता शेजाऱ्यांच्या कैऱ्या पाडण्याइतकं मोठं झालं होतं, आणि हौसाबाई अजून झोपाळ्यावरच होती.

"जाईन की," ती म्हणाली होती. "मला काय, कोपरा पुरं. पन खोली कोरडी पायजे, जावाय. माजे गुडघे धरतात."

खोली झाली. कौलं चढली, चुना लागला. हौसाबाई एका संध्याकाळी वळकटी घेऊन गेली आणि सकाळी वळकटीसकट परत आली.

"जावाय, तुमच्या भितीला घाम फुटलाय."

भिंत खरंच ओली होती. पाऊस संपून दिवाळी तोंडावर आली, तरी हात लावला की चिकट. दुपारच्या उन्हात जरा सुकायची, आणि खाडीवरचा वारा सुटला की पुन्हा पाझरायची. चुन्याचे तर पापुद्रे सुटत होते. काशीरामाचा झोपाळा त्या ओलीत अडकला.

त्याने कौलं उतरवून पुन्हा चढवली. ओल तशीच. मग त्याची नजर शेजारच्या बद्रुद्दीनच्या मोरीवर गेली. बद्रुद्दीनचं बाजारात सुतळीचं नि दोरखंडाचं दुकान होतं, आणि बोलणंही तसंच पीळदार.

"काशीरामभाऊ, माझ्या मोरीचं पाणी उताराला जातं. तुमची भिंत चढावर. पानी क्या सीढी चढके आता है?"

"खनून बघू."

"खणा की. खर्चा तुमचा. आणि बुजवताना वर फरशी टाका. आमची बीवी हाजरा कधीपासून मागे लागलीय."

मोरी खणली. खाली ठणठणीत कोरडं. फरशी मात्र टाकावी लागली.

एका गोष्टीवर काशीराम संशय घेत नव्हता, कारण ती त्याने स्वतः केली होती. खोलीचं काम निघालं तेव्हा हौसाबाई म्हणाली होती, "आमच्या आनंदाला सांगते. नदीची रेती गाडी भरून धाडंल. फुकट." आनंदा तिचा धाकटा भाऊ. पण काशीरामाचा हिशेब सरळ होता. आज सासुरवाडीची रेती घेतली, की उद्या ती भिंत सासूची. त्याचा मचवा मीठ उतरवून रिकामाच परतायचा. त्याने तो खाडीकाठच्या रेतीने भरून आणला आणि भिंतींना तिचाच गिलावा केला. तीही फुकट, वर उपकार कुणाचा नाही. या हुशारीवर तो कितीतरी दिवस खूश होता.

खोली रिकामी पडली म्हणून हौसाबाईने तिथे आपली बकरी बांधली. दुसऱ्याच दिवशी गोदू बाहेर आली ती पदराने तोंड झाकून.

"आवो, बकरी पाल्याला तोंड लावत नाय. भित चाटते."

काशीराम आत गेला. बकरी डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने भिंत चाटत होती. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं की ते कोणत्या आगरातलं हे काशीराम सांगतो, अशी त्याची बाजारात ख्याती होती. पण बाराही महिने ज्याच्या धोतराला नि बोटांना मीठ, त्याला भिंतीवरचं मीठ वेगळं कसं जाणवावं?

त्याने दारात कुणी नाही असं पाहिलं, बकरीला बाजूला ढकललं आणि भिंतीला जीभ लावली.

"कोनाच्या आगरातलं, जावाय?" मागून हौसाबाईने विचारलं.

"आपल्याच खाडीचं," काशीराम बोलून गेला. धंद्याची सवय, तोंड आवरेना. "शेवटाला कडू लागतंय बगा."

हौसाबाई उंबऱ्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गोदू हसली. भिंतीपलीकडून बद्रुद्दीनने ओरडून विचारलं, "क्या हुआ?" आणि त्यालाही सांगण्यात आलं.

हवेतली ओल ओढणारा तो खाऱ्या रेतीचा गिलावा खरवडून काढला. आनंदा आपट्याहून गाडीभर गोडी रेती घेऊन आला, आणि रेती नीट लागते की नाही हे बघायला माजघरातच मुक्काम ठोकून बसला. रोज मासळी खाऊन गुटगुटीत झाला. शिमग्यापर्यंत खोली खडखडीत सुकली. हौसाबाईने आत जाऊन भिंतीला गाल लावला, मान डोलावली आणि म्हणाली, "झ्याक. पन मला एकटीला करमायचं नाय. तुमी दोगं ऱ्हावा हितं."

म्हणजे घोरणं आणि गोदूशी बोलणं काशीरामाला मिळालं. झोपाळा गेला तो गेलाच. बद्रुद्दीनला फरशी मिळाली. बकरीची चाटायची भिंत गेली, म्हणून हौसाबाईने तिला रोज मिठाचा खडा लावून दिला, तोही काशीरामाच्याच आगरातला. कौलांची, मोरीची, दोनदा गिलाव्याची मजुरी आणि आनंदाची मासळी, सगळं त्यानेच भरलं. रेती मात्र दोन्ही वेळा फुकट मिळाली.