एमिलचा चेंडू आणि वाटीतलं तेल

मित्रांनो, लांबून बघाल तर मी वाळका भोपळा वाटेन. पण मी वॉटर पोलोचा चेंडू आहे. अस्सल चामड्याचा, शंभरी ओलांडलेला. मुक्काम जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन गावच्या एका पोहण्याच्या क्लबात.

माझा धनी एमिल हार्टविग. ऱ्हाईन नदीत पोहायला शिकलेला, दारासारख्या रुंद खांद्यांचा. एका ऑलिंपिकमध्ये त्यानं उताणं पोहून पदक आणलं. पुढच्या खेपेला वॉटर पोलोच्या संघातून गेला आणि सपाटून हरला. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पाण्यात हजर! आम्हा चामड्याच्या चेंडूंना पाणी प्यायची भारी खोड. खेळ संपेस्तोवर धोंडे होतो. म्हणून एमिल आधी मला चरबी चोळायचा, मगच उडी मारायचा. म्हातारपणी त्यानं गावातल्या कितीतरी पोरांचं पाण्याचं भय घालवलं.

तो गेला नि मी काचेच्या कपाटात गेलो. मान मोठा, पण हात लावायला बंदी. कातडं सुकलं, आतली रबराची पिशवी विरली.

यंदा क्लबची जागा बदलली. आवराआवरी सभासदांनीच करायची, हा इथला रिवाज. म्हणून इथे पोहायला येणाऱ्या छोट्या अन्वीची आई देवश्री आली होती. क्लबप्रमुख फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, म्हणाल्या, आठवड्याभरात नवं रबर येईल, मग हवा भरून बघू. टिकला तर ठेवू, फाटला तर कचऱ्यात. तोवर मला देवश्रीच्या घरी धाडलं. मी मनातून खचलोच होतो.

तिथे पुण्याहून देवश्रीच्या सासूबाई, वासंतीआजी, आल्या होत्या. रोज अन्वीच्या तान्ह्या भावाची, रुद्रची, टाळू भरायच्या आणि हाताला उरलेलं खोबरेल मला चोळायच्या. देवश्रीला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली.

“अहो आई, ही क्लबची ठेव आहे! आता त्यांना काय सांगू?”

“अगं, केवढा कोरडा पडला होता बिचारा. मला बघवेना.”

देवश्रीनं मान खाली घालून फ्राऊ केलरना सगळं सांगितलं. त्यांनी मला हुंगलं, कपाळाला आठ्या घातल्या, आलेलं नवं रबर आत बसवलं आणि पंप लावला. माझी शिवण कुरकुरली. पण फाटली नाही, मित्रांनो! त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं.

“आल्झो, तर मग,” त्या म्हणाल्या, “काचेत ठेवलं तर पुन्हा सुकेल. दर रविवारी एकेका मुलानं याला तेल लावायचं.”

जुन्या वस्तूंना नुसता मान देऊ नका, बाळांनो, मधूनमधून हातही लावा. आज अन्वीची पाळी आहे. तिचे हात चिमुकले, माझी एक बाजू कोरडीच राहते. राहू दे.