दोघांपैकी एक

"दोन्ही येईपर्यंत थांब, असं का लिहिलंयस रे शहाण्या?" ऑफिसातल्या तेजलनं स्क्रीनवर बोट आपटलं. "कुठलंही एक आलं की उठायला हवं!"

अमृतनं कपाळावर हात मारला. उर्से गावातल्या कंपनीत तो ड्रायव्हर लिहायचा; म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम दोन इशाऱ्यांची वाट बघत झोपायचा: ‘माल आला’ आणि ‘बंद कर’. अमृतनं दोन्ही एकदम मागितले होते, वर वेळेची मर्यादाही घातली नव्हती. बंदचं बटण दाबलं तरी हा पठ्ठ्या मालाची वाट बघत ढिम्म!

लोणावळ्याजवळच्या औंढ्याला, घरी, आईला हे काम त्यानं एकदा समजावलं होतं. "कोण कुणासाठी थांबणार, ते मी लिहितो."

रतनबाई खळखळून हसली. "आगं बया! म्हंजी माजंच काम की!"

खरंच होतं ते. अमृत आणि प्रेरणा, दोन्ही लेकरं आल्याशिवाय तिनं कधी ताट वाढलं नाही. नवरा कोंडाजी भुकेनं चरफडायचा, पण तिचं एकच, "दोगं येऊंद्या."

अमृतनं चूक दुरुस्त केली, मशीन नीट थांबलं. खुशीत तो बाहेर आला, फाटकावर जमा केलेला मोबाइल घेतला. घरून फोनावर फोन येऊन गेले होते.

दुपारीच आईच्या छातीत कळ आली होती. शेजारच्या बजरंगनं जीप दारात लावली. वडगावच्या सासरहून प्रेरणा धावत आली.

"आई, बस की गं गाडीत!"

"अमृत येऊंदे. दोगं संगं असली की जाऊ."

हातापाया पडले सगळे. उचलायला गेले तर बाई उंबरा धरून बसली. काय म्हणावं या हट्टाला! शुद्ध हरपल्यावरच तिला जीपमध्ये घालता आलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं उरकल्यावर एका दुपारी अमृत घरी आला. कोंडाजीनं वेड्यावाकड्या भाकरी थापल्या होत्या.

"बस, वाढतो."

"प्रेरणाला येऊ दे ना, आबा. निघालीय ती."

कोंडाजीनं वाढलेलं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "न्हाई रं बाबा. आता या घरात कुनी बी एक आलं तरी वाढायचं. दोगांसाटी थांबायचं न्हाई."

अमृतनं घास मोडला आणि तो हातात धरूनच हमसून हमसून रडला. कोंडाजीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वतःचं ताट पालथं घातलं आणि दाराकडं तोंड करून प्रेरणाची वाट बघत बसला.