जुन्या कुलपातली पत्रं

पत्र तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही तळहात झाकणावर दाबून धरले. समोर बैठक चालूच होती.

कार्यालयात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. इंटरनेटवरचे निरोप ज्या सांकेतिक कुलपांत बंद होऊन जातात, ती बदलण्याचे नियम लिहिणाऱ्या समितीत ती होती. क्वांटम संगणक हाताशी आले की जुनी कुलपं काडीसारखी मोडतील. आजचे बंद निरोप कुणी साठवले असतील तर तो ते तेव्हा उघडून वाचेल, असं ती सात वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

"अहो, लोकांची रद्दी कोण जपून ठेवणार?" अध्यक्ष सकाळीच हसले होते.

आणि दुपारी हे पत्र. पाठवणाऱ्याचं नाव नाही, मागणी नाही, धमकी नाही. फक्त तिचेच शब्द, तेरा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला लिहिलेले. 'आता तिला परत मागू नकोस. ती मला आई म्हणायला लागलीय. तू मावशीच राहा.' घाईत झालेली शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी. दोघींनी ते तेव्हाच पुसून टाकलं होतं. बहीण जाऊनही सहा वर्षं झाली. पत्र राहिलंच असेल तर कुणीतरी वाटेत टिपून ठेवलेलं, कुलूपबंद. आणि आता कुणीतरी ते कुलूप मोडलं होतं.

ती बॅग उचलून निघाली. आता हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून मुलीला कळण्याआधी आपणच सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. सतरा वर्षांची, बहिणीसारखीच एका पायावर भार देऊन.

"बस जरा. मावशीबद्दल बोलायचंय."

मुलगी बसली. तिनं पाण्याचा पेला आईपुढे सरकवला. आईनं सांगायला सुरुवात केली. तुला जन्म मावशीनं दिला, इथपासून. सगळं सांगून झालं तरी मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आई, अगं, हे तू लिहिलंस की मला. आठ महिन्यांपूर्वीच."

"मी?"

"पत्रातून. मी आधी खूप चिडले होते. मग तू रोज लिहीत राहिलीस. मावशी तापात कशी बडबडायची, मला पहिल्यांदा तुझ्याकडे देताना काय म्हणाली. तूच म्हणालीस ना, घरात यावर बोलायचं नाही, फक्त लिहायचं?"

आईनं हात पुढे केला. मुलीनं फोन दिला.

प्रत्येक पत्राखाली तिची सही होती, आणि सही खरी असल्याची हिरवी खूण. तिच्या घरच्या खात्याची किल्ली अजून जुनीच होती; ती मोडणारा कुणीही तिच्या नावानं सही करू शकत होता. जगाची कुलपं बदलण्याच्या नादात दिव्याखाली अंधार राहिला होता. ती वाचत गेली. भाषा तिचीच होती, 'बाळा' म्हणण्याची लकबसुद्धा. फक्त इतकं मोकळं ती आयुष्यात कधी लिहू शकली नव्हती. बहीण तापात काय बडबडायची, हे तर तिलाही ठाऊक नव्हतं.

"आई, तूच लिहिलंस ना?"

मुलीचा आवाज पहिल्यांदाच कापला. आठ महिने त्या पत्रांच्या आधारानं ती सावरली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

मग तिनं शेवटचं पत्र उघडलं. ते आज दुपारी आलेलं होतं, ती कार्यालयातून निघाली त्याच सुमारास.

'बाळा, आज मी हे सगळं तोंडानं सांगायला येईन. पहिल्यांदाच सांगतेय अशी घाबरलेली असेन. पाणी दे. आणि तूच लिहिलंस ना, एवढं नक्की विचार. मी हो म्हणेन.'