मधल्या वेलीचा दोरा

वडिलांमागे आमच्याकडे भरतकामाचा एक जुना नमुना आला. हातभर कापड, त्यावर साखळी टाका, गहू टाका, फुल्या आणि पक्ष्यांच्या रांगा. निम्मे पक्षी उलटे, पाय वर केलेले. तो आमच्या आजीने भरला, असं ताई म्हणायची. वडिलांच्या चुलत भावाची मुलगी, आमची चुलत बहीण, म्हणायची, तिच्या आजीने. या दोन्ही आज्या एकमेकींच्या जावा आणि एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या, अशी घरात ख्याती. कापडापायी नातींनीही तोच कित्ता गिरवला. एकाच गल्लीत राहून वर्षभर अबोला. ताईला तर तिच्यावाचून दुसरी मैत्रीणच नव्हती.

"एवढी पुस्तकं वाचतोस," ताई म्हणाली, "तर एवढं शोधून दे. आणि आपलीच आजी निघेल असं बघ."

जुन्या कापडांची डागडुजी करणाऱ्या एका बाईंकडे मी गेलो. दाराशी बराच घुटमळलो. आत त्या आणि त्यांची भावजय मोठ्या चौकटीवर पडदा ताणून, समोरासमोर बसून काम करत होत्या. भावजयीने भरलेली फुलं मला उलटी दिसत होती. तिच्या बाजूने ती सुलटच होती. मला काहीतरी सुचलं. पण माझ्या सुचण्यावर माझाच भरवसा नसतो. हे दोघींचं काम असेल का, असं चाचरतच विचारलं.

बाईंनी नमुना पालथा करून भिंग धरलं. "हात दोन आहेत. एक टाका आवळते, दुसरी सैल सोडते. मधल्या वेलीत मात्र दोरा एकच. अर्धी वेल भरून सुई तशीच पलीकडे दिलीय."

"दुसरीने नंतर कधी पुरी केली असेल तर?"

"काका, मग पक्षी उलटे कशाला काढेल?" भावजय हसली. "समोर बसली होती म्हणून!"

घरी येऊन सांगितलं, तसा ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे तिचीही आजी?"

"दोघी."

तिने वेलीवरून बोट फिरवलं.

"बोलत असतील का रे भरताना?"

"कोण जाणे. सुई मागण्यापुरतं तरी बोलत असतील."

"तिला बोलावून आण."

"मी?"

"मग काय मी जाऊ? मी रागावलेय अजून."

चुलत बहीण आली ती दारातच थांबली. "कुणाची निघाली?"

"आत ये आधी," ताई म्हणाली. "उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते."

मी चहाचं आधण ठेवायला आत सटकलो.