शोरूममागचं विमान

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना गुरुवारी दुपारी बंद असायचा. त्या दुपारी ते गाड्यांची शोरूम पालथी घालायचे. घ्यायचं काहीच नसायचं. स्वतःची गाडी अठरा वर्षांची झालेली, तिचा निसटलेला डावा आरसा त्यांनी दातांत भरायच्या सिमेंटने चिकटवलेला. पण नव्या गाडीचं दार बंद करताना 'धप्' असा भरीव आवाज आला की त्यांचा चेहरा उजळायचा. 'ठण्' असा आवाज आला की गाडी मनातून उतरलीच. "आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं, आणि सुट्टीला गाड्यांच्या," असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची. आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असायचं.

मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममधल्या विक्रेतीने तिसऱ्याच खेपेला ओळखलं होतं की हे गिऱ्हाईक काही घेणार नाही. तरी ती त्यांना टाळत नसे. माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी त्यांच्याकडून कळायच्या, आणि पुढच्या खऱ्या गिऱ्हाइकासमोर त्या खपायच्याही. एका गुरुवारी ती त्यांना नवी गाडी चालवून बघायला मागच्या आवारात घेऊन गेली आणि डॉक्टर गाडी विसरून जागच्या जागी थबकले.

भिंतीला लागून एक विमान उभं होतं. दोन पंख्यांचं, राखाडी, चाकं जमिनीत रुतलेली, पोटापर्यंत गवत. एका पंखावर कामगारांचे निळे कपडे वाळत घातलेले.

डॉक्टरांनी हे कुणाचं, कुठून आलं, कधीपासून आहे, असं एका दमात विचारलं. विक्रेतीला काही सांगता येईना. चार वर्षं ती रोज याच आवारातून ये-जा करत होती, पण विमान म्हणजे कपडे वाळत घालायची जागा, एवढंच तिला ठाऊक. मग मालक आले. त्यांच्या वडिलांनी ते कुठल्याशा लिलावात उचललं होतं. पूर्वी त्याच्या पंखाखाली गाडी उभी करून गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे. ते मंत्र्यांचं विमान होतं म्हणे.

"म्हणे म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडील तसं सांगायचे," मालक म्हणाले. "पण ते गाड्याही तसंच सांगून विकायचे."

पुढच्या महिन्यात तिथे दुरुस्तीची नवी शेड उठणार होती आणि भंगारवाला विमान कापून नेणार होता. डॉक्टरांनी त्याआधी एकदा आत जाऊ द्या अशी विनंती केली. मालकांचं काही जाणार नव्हतं. ते हो म्हणाले.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर दवाखान्याची पेटी घेऊनच आले. बायकोही आली. नवऱ्याने विमानात पाय मोडून घेतला तर कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. दार उघडायला अर्धा तास आणि भरपूर तेल लागलं. आत चिमण्यांची जुनी घरटी आणि धूळ. वैमानिकाच्या दोन खुर्च्या होत्या, मागे मात्र बसायला जागाच नव्हती. मंत्री काय उभ्याने जायचे?

खुर्चीमागच्या पट्टीच्या पाठीमागे काहीतरी कोरलेलं बोटांना लागत होतं, पण तिथे डोकं जाईना. डॉक्टरांनी दात बघायचा छोटा आरसा आत सरकवला आणि टॉर्च मारला. अक्षरं उलटी दिसली. उलटं दिसणारं सुलटं ओळखणं हा तर त्यांचा तीस वर्षांचा धंदा. ते एकेक आकडा वाचत गेले आणि दाराशी उभी विक्रेती लिहून घेत गेली. आकड्यांखाली ओळ होती: नकाशा विभाग.

तेवढ्यात बायकोने हाक मारली. तिचा पाय विमानाच्या तळातल्या एका लाकडी झाकणावर पडला होता आणि पोकळ आवाज आला होता. दोघांनी मिळून ते उचकटलं. खाली ताटाएवढं गोल भोक होतं आणि त्यातून गवत दिसत होतं. डॉक्टर गुडघ्यावर बसून बघत राहिले. इथे कॅमेरा बसवत असणार. हे विमान कुणाला कुठे पोचवत नव्हतं, ते वरून जमीन बघत फिरायचं.

दुसऱ्या दिवशी दोन रोग्यांच्या मधल्या वेळात त्यांनी नकाशा कार्यालयाला फोन लावला. तीन ठिकाणी फिरवाफिरवी झाल्यावर एक निवृत्तीला आलेल्या बाई भेटल्या. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. आठ दिवसांनी दवाखान्यात एक लांबट पाकीट आलं. त्याच विमानातून काढलेला याच शहराचा फोटो.

मालकांनी तो शोरूममधल्या नव्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. आज जिथे शोरूम आहे तिथे नुसतं माळरान होतं. रस्त्याची एक पांढरी रेघ, आणि रेघेला चिकटून नखाएवढं चौकोनी छप्पर.

"हे वडिलांचं पहिलं गॅरेज," मालक म्हणाले. बराच वेळ त्यांनी बोट तिथून उचललं नाही. मग विचारलं, "त्यांना माहीत असेल का हो, हे विमान इथून गेलं होतं ते?"

लिलावाचे कागद कुठेच सापडले नाहीत.

शेड उठवणं भाग होतं, विमान तिथून हलवायलाच हवं होतं. पण भंगारवाल्याला निरोप गेला की येऊ नकोस. नकाशा कार्यालयातल्या बाईंनी खटपट करून भूमापन शिकवणाऱ्या महाविद्यालयाला विमान घ्यायला राजी केलं. तिथल्या मुलांना झाकण उघडून दाखवता येणार होतं. पंख वेगळे करायला मालकांनी आपले मेकॅनिक दिले.

लांबलचक ट्रेलर आवारातून निघाला तेव्हा डॉक्टर आपली अठरा वर्षांची गाडी घेऊन त्याच्या मागे लागले. बायको शेजारी बसली होती, विक्रेती मागे. शहराबाहेरच्या चढावर ट्रेलर मंदावला.

"अहो," बायको म्हणाली, "त्या भोकातून बघणाऱ्याला आपलं घर दिसलं असेल?"

"आपलं घर तेव्हा नव्हतं."

"मग काय दिसलं असेल?"

सोमवारी नकाशा कार्यालयातल्या बाईंना पुन्हा फोन करायचं डॉक्टरांनी ठरवलं आणि गाडीचा गिअर बदलला.