छगनमामांचा दात

तपासणीच्या चिठ्ठीवर ‘छगन, मिरजगाव, वय अडुसष्ट’ वाचलं आणि सिल्व्हिया थबकली. नगरच्या एका दंत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिची वीस वर्षं गेली होती. गावचं नाव क्वचितच समोर यायचं.

तिचे वडील दानीएल मास्तर मिरजगावच्या शाळेत होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिरवणूक निघायची आणि पुढे छगनमामा क्लॅरिनेट वाजवत चालायचे. गाण्याचे शब्द त्यांना येत नसत, चाल मात्र एकदा ऐकली की पाठ. छोटी सिल्व्हिया त्यांचा सदरा धरून चालायची. हवेत हुरड्याच्या शेकोट्यांचा वास असायचा.

मामा बाहेर बाकावर बसले होते. वरचा ओठ सुजलेला.

“मास्तरांची शिलू ना तू?”

“होय मामा. कधीपासून दुखतंय?”

“तीन वर्सं. लग्नसराई आली की ठणकतंय. दुकानातनं कॅप्सूल आनायच्या, दोन दिस खायच्या. सूज उतरली की मी वाजवायला मोकळा.”

चौथ्या दिवशी तिने मामांच्या दातातल्या पुवाचे जंतू वाढवलेली काचेची बशी उजेडात धरली. जंतूंवर सात औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. लागू पडणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ कडं उमटतं. सहा चकत्यांना जंतू पार खेटून वाढले होते. कडं होतं एकाच चकतीभोवती.

“मामा, हौदाच्या भिंतीला शेवाळ धरतं ना, तसे जंतू दाताच्या मुळाला चिकट थर करून बसलेत. औषध आत पोचतच नाही. त्यात तुम्ही दर वेळी कॅप्सूल अर्धवट सोडल्यात. जे वाचले, ते आता औषधाला भीक घालत नाहीत.”

“मग?”

“डॉक्टर म्हणतात, मुळाला चीर गेलीय. दात काढावा लागेल.”

मामांनी ओठ उचलून दाताला बोट लावलं. “क्लॅरिनेट ह्याच दातावर टेकतंय, पोरी. तुझ्या लग्नात वाजवलं ते बी ह्याच्यावरच.”

“हाड पोखरत चाललंय, मामा. शेजारचे दातही जातील.”

“काढ म्हनावं मग,” मामा म्हणाले.

दात निघाला, हाड खरवडलं. त्या एका औषधाचे सातही दिवस सिल्व्हियाने रोज फोन करून पुरे करवले. सूज गेली ती गेलीच.

दोन महिन्यांनी मामा दाखवायला आले. नवा दात बसवला होता.

“वाजवून बघितलं?”

“बघितलं. सूर फाटतोय. ठिवून दिलं.” मग हसून म्हणाले, “पन भाकर चावतीय लई दिसांनी.”

एसटी पाचला होती. तोवर दोघं बाकावर बसून गावच्या माणसांबद्दल बोलत राहिली. रंगुबाई, श्रीमंत, शाळेतले कानिफनाथ गुरुजी. दानीएल मास्तर गेल्यापासून ही नावं तिच्यासमोर कुणी घेतलीच नव्हती.