डावा दिवा

फ्यूज नखाएवढा, पारदर्शक निळा, आत केसासारखी तार. तिनं तो उन्हाकडे धरून पाहिला, तार शाबूत होती, मग बाबांच्या पिकअपच्या फ्यूजपेटीतल्या खाचेत पुन्हा दाबून बसवला. हाच हवा होता. किल्ली फिरवली की जागा होणारा, काढली की झोपणारा. म्हणजे पिकअप सुरू झाली की पुढचे दोन दिवे आपोआप लागतील, भर दुपारीसुद्धा, बाबांनी काही दाबायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. हे तिनं भावाशी फोनवर बोलतानाच ठरवून टाकलं होतं.

"तू सरळ किल्ली काढून घे," दादा म्हणाला होता. "बाबांनी गाडी घातली, त्या सायकलवालीचं कोपरावर निभावलं. पुढच्या वेळी?"

"तिला गाडी दिसली नाही, दादा. राखाडी गाडी, राखाडी रस्ता."

"हे कोण म्हणतं? बाबाच ना?"

"मग तू ये आणि तूच काढून घे."

लांब राहणाऱ्याला घरच्यांची काळजी नेहमीच जास्त स्वस्त पडते... असो. दिवे लावायचे म्हणजे लावायचे.

बाबा बंपरपासून चार पावलांवर स्टुलावर बसले होते. मांडीवर खुर्चीची गादी, दातांत दोरा. उजेड असेपर्यंत दोन खुर्च्या गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या होत्या. सत्तरी उलटली तरी टाक्यामागून टाका सरळ रेषेत — आणि या टाक्यांकडे बघूनच तर आपण निर्धास्त राहिलो. टाका बोटं घालतात, डोळे नाही, हे आपल्याला कधी सुचलंच नाही... पण हा विचार पुढचा. आत्ता ती तारेला चिकटपट्टी गुंडाळत होती.

"इंजिनीअरबाईंना लिफ्टमधून सवड मिळाली म्हणायची!"

"तुमची अडकलीय, बाबा. तीच सोडवतेय."

"माझी? माझी कधी वर गेलीच नाही, अडकेल कुठून!"

लिफ्टच्या कामात तिचा अर्धा दिवस न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर चालायचा. ती वर यंत्राच्या खोलीत, जोडीदार खाली खड्ड्यात; त्यानं 'बंद' म्हटलं तरच हिनं हात घालायचा. न बघता 'बंद' म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी जोडीला घेत नसे, मग तो कितीही जुना असो, कितीही लाडका.

ती चालकाच्या सीटवर चढली. समोर उघडं बॉनेट, पलीकडचं काही दिसेना. किल्ली फिरवली.

"बाबा, डावा लागला?"

"लागला!"

"आणि उजवा?"

"दोन्ही झकास. डोळे दिपतायत!"

हसतच ती उतरली, वळसा घालून पुढे आली. उजवा पांढराशुभ्र पेटला होता. डावा — काळा.

ती वाकली. चूक तिचीच होती, बोल्टखालचा रंग खरवडायचा राहिला होता, रंगावर टेकलेल्या तारेतून वीज परत जाणार कशी? एरवी जीभ चावून मोकळी झाली असती. आता ती बोल्टकडे बघत राहिली. कौतुकानं म्हणाले असतील — लेक उन्हात राबतेय, कशाला हिरमोड करा. किंवा गादीतून मान वर केलीच नसेल. किंवा... तिसरं तिनं अर्ध्यात तोडलं, तरी ते पुढे जाऊन त्या रस्त्यावर उभं राहिलंच. सायकलवालीला गाडी दिसली नाही. किती जणांना सांगितलं मी हे? दादाला. नवऱ्याला. फळं घेऊन गेले तेव्हा त्या बाईलासुद्धा, तिच्याच दारात — आणि ती, बांधलेला हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे नुसती बघत राहिली होती.

"काय गं, काय झालं?"

"रंग खरवडतेय जरा."

"कशाला? लागलेत की."

तिनं पॉलिशपेपर घासला, चकचकीत धातू वर येईपर्यंत घासला, गरजेपेक्षा जास्त घासला. बोल्ट आवळला. डावा पेटला. आता बॉनेट आपटायचं, हात धुवायचे आणि दादाला फोटो पाठवायचा... इतकं सोपं होतं. रस्त्यावरच्या सगळ्यांना बाबा दिसतील, आणि बाबांना—

बॉनेट लावून ती पुन्हा आत बसली. काचेतून बाबा नीट दिसत होते. तिनं किल्ली उलटी फिरवून दोन्ही दिवे विझवले.

"बाबा, ती गादी खाली ठेवा. माझ्याकडे बघा."

"परीक्षा आहे की काय?" दोरा दातांतून निघाला. ते ताठ बसले, वर्गात नाव पुकारल्यासारखे.

हा सापळा आहे का? असेलही. पण 'लागला का' असं विचारायचं नाही. त्या प्रश्नात उत्तर आपणच भरून ठेवतो, आणि बाबा लेकीच्या हातातलं काहीही आनंदानं उचलतात, तसं तेही उचलतात. इतके दिवस आपण त्यांना विचारत होतो कुठे, त्यांच्याकडून वदवून घेत होतो. आता काय ऐकू येईल याची भीती होती, पण ती नेहमीसारखी मागे खेचत नव्हती.

"नीट बघा आणि सांगा. काय दिसतंय?"

बाबांनी डोळे बारीक केले. उत्तर लांबत गेलं, आणि ते सुचवायला ओठांवर आलेला शब्द तिनं या वेळी गिळला.